बिल चुकवू नका, चुकतं करा

परवा फोनवर मेसेज आला, "आपले बिल अंतिम तारखेपूर्वी चुकवा आणि दंड टाळा." मी तो दोनदा वाचला. बिल चुकवलं तर दंड टळेल कसा, उलट बिल चुकवलं म्हणूनच तर दंड बसतो ना? पाठवणाऱ्याला म्हणायचं होतं की बिल भरा. पण कुठेतरी हिंदीत "चुकाएँ" असं लिहिलेलं होतं, ते कुणीतरी किंवा कुठल्यातरी मशीनने उचललं, त्याला मराठी शेपूट जोडलं आणि दिलं पाठवून.

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण आता रोज दिसतं. "शेतकऱ्याने कर्ज चुकवले", "सर्वाधिक कर चुकवणारा अभिनेता", "बेफिकिरीची किंमत चुकवावी लागली". त्यातली मधली हेडलाइन तर मला कमालीची आवडते, कारण लिहिणारा बिचारा त्या अभिनेत्याचं कौतुक करतोय की याने सगळ्यात जास्त टॅक्स भरला, आणि मराठी वाचणारा माणूस म्हणतोय अरे मग अजून धाड कशी पडली नाही याच्याकडे.

तर आज फक्त या दोनाबद्दल, चुकवणं आणि चुकतं करणं. बाकीचे शब्द जाता जाता उरकतो कारण ते तुम्हाला येतातच. देणं म्हणजे देणं, कुणालाही. भरणं हे पेटीत, कोशात, संस्थेत पैसे टाकणं, म्हणून फी भरतो, दंड भरतो, हप्ता भरतो, पण मित्राचे उसने पैसे कुणी "भरत" नाही, ते देतो. मोजणं म्हणजे देताना जरा जिवावर आलेलं असतं ("चांगले पाच हजार मोजले त्याचे"). अदा करणं ऑफिसच्या कागदावरच शोभतं, आणि सरकारी मराठीत त्याच्याही वरताण अधिदान आहे, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय आहेच. पे करणं मला चालतं, अगदी खुशाल चालतं, "पे केलंस का" यात कुणाचाही गैरसमज होत नाही आणि माझ्यासाठी तीच मुख्य कसोटी आहे. इंग्रजी शब्द आला म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. मला राग येतो तो शब्द मराठी दिसतो आणि अर्थ मात्र बरोब्बर उलटा लागतो तेव्हा.

आता चुकवणं.

मराठीत चुकणं म्हणजे मुळात ठरलेल्या जागेवरून हुकणं. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो, दोघं एकमेकांना शोधत फिरतात आणि चुकामूक होते. त्याचं प्रयोजक रूप चुकवणं, म्हणजे मुद्दाम हुकवणं, समोरून येतंय ते आपल्याला लागू न देणं. वार चुकवतो, नजर चुकवतो, काम चुकवणारा तो कामचुकार. मुंबईत १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तोपर्यंत जकात होती, आणि जकात चुकवणं म्हणजे कित्येकदा अक्षरशः नाका चुकवून गाडी आडवाटेने आत घालणं, तिथे शब्दाचा साधा अर्थ आणि पैशांचा अर्थ एकाच रस्त्यावर भेटतात बघा. त्याच ओळीत करचुकवेगिरी. हा शब्द पेपरवाल्यांनीच रुळवला आणि आता त्याच पेपरांत "कर चुकवला" हे कर भरल्याच्या बातमीत येतं, हे मला समजतच नाही, एकाच पानावर वर करचुकवेगिरीची धाड आणि खाली कर चुकवणाऱ्याचा सत्कार.

आणि करचुकवेगिरी म्हणजे नुसता नैतिक दोष नाही, गुन्हा आहे, १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलम होतं, २७६सी. कर वाचवणं वेगळं. ज्याला आपण इतकी वर्षं ८०सी म्हणत आलो त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत गुंतवून लोक कर वाचवायचे, ते कायद्यात बसून. कर वाचवला म्हणजे हुशारी, कर थकवला म्हणजे अजून दिला नाही, कर चुकवला म्हणजे लागूच होऊ नये अशी लबाडी केली. इतक्या बारीक छटा आपल्याकडे आयत्या आहेत आणि त्यातली सगळ्यात गंभीर छटा आपण "भरला" या अर्थाने वापरून वाया घालवतोय.

हिंदीवाल्यांची काही चूक नाही, ते आधीच सांगतो. हिंदीत ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. चूकना, दीर्घ ऊ, म्हणजे हुकणं, "मौका चूक गया". आणि चुकना, ऱ्हस्व उ, म्हणजे संपणं, पुरं होणं. "मैं खा चुका" म्हणजे माझं खाऊन संपलं, जेवण हुकलं असं नाही. या दुसऱ्या चुकनापासून चुकाना, म्हणजे संपवणं, मिटवणं, म्हणून "कर्ज चुकाना" म्हणजे कर्ज मिटवून टाकणं. सरळ हिशेब आहे. गुजरातीत चूकववुं पैसे देण्यालाही चालतं आणि नजर चुकवण्यालाही, पैसे देण्याला तिकडे चुकवणीच म्हणतात. पण कर बुडवण्याला हे दोन्ही शेजारी काय म्हणतात? करचोरी. कारण त्यांच्याकडे चुकवण्याची खुर्ची पैसे भरणाऱ्याने अडवलेली आहे. आपल्याकडे त्या खुर्चीवर बुडवणारा बसलाय, त्यामुळे भरणाऱ्याला तिथे बसवलं की तो त्याच्या मांडीवर जाऊन बसतो.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने हा फरक राखता येत नाही. आपलं ऱ्हस्व-दीर्घ बऱ्याच वेळा अक्षर कुठल्या जागी आलंय त्यावर ठरतं, चूक दीर्घ पण चुका आणि चुकीचा ऱ्हस्व, फूल दीर्घ पण फुलं ऱ्हस्व, त्यात अर्थाचा काही संबंध नाही. त्यामुळे हिंदीतली दोन्ही क्रियापदं मराठीत आणली तर ती एकाच चुकणं-चुकवणंमध्ये कोंबली जाणार, आणि एकात कोंबल्यावर जो अर्थ आधीपासून घरात आहे तोच ऐकू येणार.

आता कुणीतरी म्हणणारच (दर वेळी कुणीतरी म्हणतंच), की मग "हिशेब चुकता केला" हे काय आहे? ते तर अस्सल मराठी आहे आणि त्याचा अर्थ पैसे देऊन टाकणं असाच आहे, मग चुकवलाने काय घोडं मारलंय?

हा प्रश्न मला आवडतो. खरी गंमत इथेच आहे, आणि इथेच माझ्यासारखे वैतागलेले लोक घाईघाईने "ते हिंदी आहे, टाका बाहेर" म्हणून मोकळे होतात आणि तोंडावर पडतात.

"संपणं, पुरं होणं" हा अर्थ मराठी चुकण्यालाही आहे, फक्त तो दोन-तीन कोपऱ्यांत अंग चोरून बसलाय. एक कोपरा म्हणजे चुकता. दुसरा तर आपण दिवसातून चार वेळा बोलतो आणि लक्षातच येत नाही: "मला कळून चुकलं". म्हणजे कळण्यात काही चूक झाली असं कुणालाही वाटत नाही, पुरतं कळलं, आता ते परत न-कळलेलं होऊ शकत नाही, असं आपल्याला ऐकू येतं. हे थेट हिंदीच्या "खा चुका"चं भावंड आहे. "बोलून चुकलो", "शब्द देऊन चुकलो" यातही तेच, फक्त तिथे झालं ते आता मागे घेता येत नाही याची हळहळ मिसळलेली असते, म्हणून चूक केल्याचा वास जरा येतो. दोन अर्थांच्या मधल्या धूसर पट्ट्यात उभं राहिलेलं असं वाक्य मला फार आवडतं, पण ते असो.

तर चुकता हा चुकण्याच्या त्याच जुन्या अर्थाचा, हिशेब चुकता झाला म्हणजे संपला, त्यात शिल्लक काही नाही. पण बघा, हा अर्थ कळून चुकणं आणि चुकता यांत राहिला आणि चुकवणं या रूपात राहिला नाही. आज जिवंत मराठीत चुकवणं म्हणजे निसटणं, हुलकावणी देणं, बस. शब्दाची रूपं एका झाडाची असली म्हणून सगळ्या फांद्यांना एकच फळ लागेल असा काही नियम नाही. भागणं म्हणजे थकणंही होतं आणि गरज पुरी होणंही होतं, पण "मी पंधरा मैल चालून माझे पाय भागवले" असं कुणी म्हणत नाही, भागवतो ती तहान. तसंच हे.

भागवणं निघालंच म्हणून, "सगळी देणी भागवली" असं आपण म्हणतो, तो प्रयोग मला जाम आवडतो, म्हणजे तहान भागवावी तसं पैसे मागणाऱ्याला शांत केलं. इंग्रजी पे सुद्धा मुळात असाच आहे, लॅटिनमधल्या पाकारे म्हणजे शांत करणं यावरून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला, आणि त्याच्याही मागे पाक्स म्हणजे शांतता. दारात ओरडणाऱ्या माणसाला गप्प करणं ही पैसे देण्यामागची मूळ प्रेरणा इकडेही तीच आणि तिकडेही तीच.

बरं, मग कर्जाला नेमकं काय म्हणायचं? फेडणं. हा शब्द आपल्याकडे असताना दुसऱ्या कुणाकडे मागायला जायचं मला काही कारण दिसत नाही. फिटणं-फेडणं ही जोडी तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, फुटणं-फोडणं यांच्याच रांगेतली, आपोआप झालं तर ट आणि आपण केलं तर ड. अंधार फिटतो, शंका फिटते, डोळ्यांचं पारणं फिटतं. आणि फेडणं म्हणजे अंगावरचं काढणं, जुन्या बायका अजून "लुगडं फेडून ठेवलं" म्हणतात. कर्ज फेडणं म्हणजे अंगावर गुंडाळलेलं ते सोडवून बाजूला ठेवणं.

आणि चुकवणं नि फेडणं यांतला खरा फरक मला इथेच सापडतो. आपण चुकवतो ते अंगावर येणारं असतं. वार, नजर, नाका, कर, नकोसा पाहुणा, सगळं समोरून येतंय आणि आपण बाजूला सरकतो. आपण फेडतो ते अंगावर आधीच असलेलं असतं. कर्ज, ऋण, उपकार, पांग, नवस, पाप ("कुठे फेडशील ही पापं"), लुगडं. कर्ज तर आपण स्वतः सही करून अंगावर घेतलेलं असतं, "अंगावर कर्ज आहे" असंच म्हणतो ना, आणि सातबाऱ्यावरही इतर हक्कांच्या रकान्यात त्याचा बोजा चढतो, चढतो म्हणजे अंगावरच. आता जे आधीच चढलंय ते चुकवणार कसं? म्हणून "कर्ज चुकवलं" हे मराठी कानाला नुसतं उलटं नाही तर निरर्थक वाटतं. कर्ज न फेडणाऱ्यालाही आपण कर्जचुकवे म्हणत नाही, कर्जबुडवे म्हणतो, कारण त्याला बाजूला सरकायला जागाच नव्हती, बुडवणं एवढंच हातात होतं.

खात्री करायची असेल तर नवसाला लावून बघा. "तिने नवस फेडला" म्हणजे बोलली तसं केलं. "तिने नवस चुकवला" म्हटलं तर? घरातली मोठी माणसं हबकतील. आता वारीला लावा, "वीस वर्षांत एकही वारी चुकवली नाही". आणि मग हप्त्याला लावा, "वीस वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही". हे वाक्य शंभर टक्के मराठी आहे आणि त्याचा अर्थ आहे की या माणसाने प्रत्येक हप्ता भरला. यावर तो मेसेजवाला काय म्हणणार? त्याच्या हिशेबाने याने एकही हप्ता दिलेला नाही! एकाच वाक्यातून कर्ज देणाऱ्याला उत्तम गिऱ्हाईक आणि बुडवा गिऱ्हाईक अशी दोन माणसं दिसत असतील तर त्या शब्दात पैशाचे व्यवहार करू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यात "न चुकता" वेगळाच. न चुकता म्हणजे दर वेळी, खाडा न करता. "न चुकता हप्ता भरा" हे झकास मराठी आहे, "हप्ता चुकता करा" हेही चालतं, आणि "चुकता न करता" म्हटलं की परत सगळं उलटं. दोन शब्दांची नुसती अदलाबदल केली तर माणूस सज्जनाचा थकबाकीदार होतो. यात दोष कुणाचा नाही, भाषा अशीच असते, पण म्हणूनच ट्रान्सलेट करणाऱ्याने थोडं जपून राहावं.

किंमतीचं तर अगदी थोडक्यात सांगतो, नाहीतर माझं बीपी वाढेल. मराठीत किंमत मोजतात. नाणी एकेक करून समोरच्याच्या हातावर ठेवायची, त्यातला तो सावकाश होणारा त्रास मोजण्यात आहे. डबिंगमधला खलनायक दात ओठ खाऊन म्हणतो "तुला याची किंमत चुकवावी लागेल" आणि मी मनात म्हणतो, मग चांगलंच आहे की, चुकवतो, दाखव कुठून निसटायचं ते. धमकीचा पार पचका. "किंमत मोजावी लागेल" यात अक्षरंही जवळपास तेवढीच आहेत, ओठांच्या हालचालीचं कारणसुद्धा देता येत नाही.

"भाषा बदलते हो" असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट दाखवतो. बारावं शतक, आचार्य हेमचंद्र नावाचे जैन पंडित, त्यांच्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत आहे, आणि तिथे भ्रंश या धातूसाठी प्राकृतात कोणकोणते शब्द येतात ते एका सूत्रात दिलंय: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. भ्रंश म्हणजे निसटणं, ढळणं, गळून पडणं. म्हणजे आपलं फिटणं आणि आपलं चुकणं साधारण नऊशे वर्षांपूर्वी एकाच ओळीत, समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसलेले होते! तेव्हापासून दोघांनी वाटा वेगळ्या केल्या, एकाने अंगावरचं गळून पडणं घेतलं आणि दुसऱ्याने नेमावरून ढळणं. भाषा बदलते ती अशी, एका अर्थाचे दोन करून. आपण सध्या करतोय ते त्याच्या उलट आहे, दोन वेगळे झालेले शब्द परत एका पोत्यात भरतोय, आणि तेही कुणाच्या बोलण्यात आलं म्हणून नाही, अनुवाद करायला वेळ नव्हता म्हणून. कुणी घरी हिंदी-मराठी मिसळून बोलत असेल आणि त्याच्या तोंडी चुकवलं येत असेल तर त्याला मी एका शब्दाने बोलणार नाही, समोरासमोर बोलताना अर्थ लागतोच. नोटीस, बातमी आणि ॲप यांना ती सवलत नाही, कारण तिथे विचारायला समोर कुणी नसतं.

चुकता वापरणार असाल तर त्याचं लिंग-वचन तेवढं सांभाळा, तो विशेषणासारखा बदलतो. हिशेब चुकता, थकबाकी चुकती, बिल चुकतं, पैसे चुकते. "थकबाकी चुकता करा" असं सगळीकडे छापलेलं दिसतं, तेही हिंदीचंच. आणि चुकतं करणं म्हणजे शेवटचा पैसा देऊन खातं मिटवणं. तीन हप्ते दिले आणि नऊ राहिले तर कर्ज चुकतं झालेलं नाही, फेडणं चालू आहे. फेडणं वर्षानुवर्षं चालतं, चुकतं एका दिवशी होतं. परतफेड आणि परतावाही असेच लोक गोंधळतात, परतफेड आपण करतो, परतावा आपल्याला मिळतो, "कर्जाचा परतावा केला" असं लिहिणाऱ्याला बँकेने कधी परत काही दिलं असेल तर मला जरूर कळवा.

आणि चुकतं झाल्यावरचा जो शब्द आहे तो तर आता मरायलाच टेकलाय. बेबाक. मूळ फारसीतून, बे म्हणजे विना आणि बाकी म्हणजे शिल्लक, खातं बेबाक झालं म्हणजे दमडी शिल्लक नाही. हल्ली "बेबाक मुलाखत" वाचून पोरांना वाटतं बेबाक म्हणजे बिनधास्त, पण तो हिंदी-उर्दूतला वेगळा शब्द आहे, त्यातला बाक म्हणजे भीती. आपला बेबाक आता सोसायटीच्या नि पतसंस्थेच्या कागदावर उरलाय, बेबाकी दाखला म्हणून. कर्ज फिटलं की तो मागून घ्या, तोंडी "झालं हो सगळं" यावर राहू नका, आणि जमिनीवर कर्ज असेल तर तो दाखला घेऊन तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा बोजाही कमी करून घ्या, तो आपणहून उतरत नाही.